विसावा चोरून का घ्यायचा?

संघटनेच्या बैठकीत शिवणकामाचा विषय निघाला की आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याला कारणही आहे. 'बायकांसाठी काहीतरी करू या' म्हटलं की शिवणवर्ग, भरतकाम आणि पापड-लोणची यांपलीकडे ज्यांना काही सुचत नाही, अशा संस्थांशी आणि सरकारी योजनांशी वाद घालण्यात चळवळीची कितीतरी वर्षं गेली. मुलीच्या हातात सुई दिली की तिची मान खाली जाते, आणि खाली मान घालून बसलेली बाई सगळ्यांनाच आवडते. रोझिका पार्कर या ब्रिटिश स्त्रीवादी अभ्यासिकेनं १९८४ साली 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' या पुस्तकात भरतकामाचा इतिहास मांडताना हेच दाखवून दिलं. टाके घालता घालता मुलींना 'बाईपणा'चे धडे दिले गेले, असं त्या सांगतात. मात्र त्याच पुस्तकात त्यांनी दुसरी बाजूही मांडली आहे. ज्या सुईनं बायकांना चौकटीत बसवलं, त्याच सुईनं बायकांनी चौकटीला विरोधही केला.

या दोन्ही बाजू डोळ्यांपुढे ठेवून मला गोधडीबद्दल लिहायचं आहे. यंदा उन्हाळ्यात आम्ही घर बदललं. त्या दोन-अडीच महिन्यांच्या धांदलीत रोज रात्री अर्धा-पाऊण तास मी गोधडी शिवत होते, आणि त्यानं माझं डोकं ठिकाणावर राहिलं. एवढंच असतं तर त्याबद्दल लिहिण्याची गरज नव्हती. पण स्त्रियांच्या समुपदेशन केंद्रात काम करत असताना जे प्रश्न रोज समोर येतात, तेच त्या गोधडीवर बसल्या बसल्या मला पुन्हा दिसू लागले. बाईला विसावा कुणाच्या परवानगीनं मिळतो? तिच्या वेळेची मालकी कुणाची? आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर कुणाचं?

आधी घर बदलण्याबद्दल. शहरात भाड्यानं राहणाऱ्यांना अकरा महिन्यांचा करार पाठ असतो. अकरा महिने संपले की पुन्हा भाडं वाढणार की घर सोडावं लागणार, ही टांगती तलवार असतेच. आमच्या घरमालकांनी जागा विकायला काढली आणि आम्हाला महिन्याभराची मुदत दिली. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' असं आपण सहज म्हणतो. विंचवाला निदान गॅसचं कनेक्शन बदलून घ्यावं लागत नाही!

माझा नवरा कामाला मागे हटणारा नाही. टेम्पो ठरवणं, डिपॉझिटचे पैसे जमवणं, पलंग आणि कपाट सुटं करणं, माणसं बोलावणं अशी त्याची यादी होती. ती त्यानं कागदावर लिहून काढली आणि एकेक काम झालं की त्यावर काट मारली. माझी यादी कागदावर नव्हतीच. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या पिशवीत, लेकीची शाळेची रिक्षा नव्या पत्त्यावर येईल का, दूधवाल्याचा हिशेब कुठवर आला, फ्रीज कधी बंद करायचा म्हणजे आतलं विरजण वाया जाणार नाही, नव्या घरी पहिल्या रात्री कुकर आणि तांदूळ वरच्या खोक्यात हवेत, शेजारच्या काकूंचं पातेलं परत द्यायचं राहिलं आहे. ही यादी पोळ्या लाटताना, बसमध्ये, केंद्रात एखाद्या बाईची तक्रार लिहून घेताना, सारखी डोक्यात फिरत राहायची. त्यातलं काही राहून गेलं, तर 'तुझ्या लक्षात कसं नाही आलं?' हा प्रश्न मलाच विचारला जाणार हे ठरलेलं.

हे माझ्या एकटीच्या घरचं रडगाणं नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसून आलं. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांची नऊ. आता बायकांच्या या २८९ मिनिटांत स्वयंपाक, धुणं-भांडी, झाडलोट मोजता येते. दुसरंच काही करत असताना डोक्यात चाललेली ती यादी मिनिटांत कशी मोजणार? घर बदलताना ती यादी चौपट होते, आणि घरातल्या कुणालाच दिसत नाही.

अशा दिवसांत माळा रिकामा करताना एक बोचकं निघालं. त्यात आजेसासूबाईंची दोन जुनी लुगडी होती आणि माझ्या आईच्या तीन सुती साड्या. मी ते बोहारणीला द्यायच्या ढिगात टाकलं. सासूबाईंनी ते परत उचललं. "बोहारणीला नको देऊस ही. इतकं मऊ सुताडं आता कुठं मिळतंय? वाकळ होईल चांगली." त्या साताऱ्याकडच्या, म्हणून वाकळ. माझ्या माहेरी मराठवाड्यात आम्ही गोधडी म्हणतो.

गोधडीला पैसा लागत नाही, पण जमीन लागते. एरवी आमच्या दोन खोल्यांत कापड अंथरायला जागा मिळाली नसती. पलंग सुटा करून भिंतीला टेकवला तेव्हा प्रथमच खोलीत हातपाय पसरता येतील एवढी फरशी मोकळी झाली. नऊवारी लुगडं चार घड्यांत दुमडलं की एका माणसाला पुरेल एवढी लांबी होते. रुंदीला मात्र जोड द्यावा लागतो. खाली एक लुगडं, मध्ये फाटक्या साड्यांचे आणि लेकीच्या जुन्या फ्रॉकचे तुकडे, वर दुसरं लुगडं. सुरकुती राहू नये म्हणून सासूबाई गुडघ्यांवर रांगत तळहातानं कापड सारखं करायच्या. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर टाचून घ्यायचे, आणि काठापासून धावदोरा सुरू करायचा. कोपऱ्याशी आलं की वळायचं, चारही बाजू झाल्या की बोटभर आत सरकायचं आणि पुन्हा फेरा घालायचा. असे चौकोनात चौकोन घालत मधोमध पोहोचलं की गोधडी संपते.

कापडाचा गुणही त्यात महत्त्वाचा असतो. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडात सुई अलगद उतरते. आता घरोघरी मिळतात त्या कृत्रिम धाग्याच्या साड्या सुईखालून निसटतात, थर एकमेकांवर घसरतात, आणि अंगावर घेतल्यावर घाम टिपत नाहीत. जाड थरांतून सुई ढकलायला अंगुस्तान लागतं. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांची चाळण झाली होती. दोरा संपला की गाठ वर दिसू द्यायची नाही, आतल्या थरात ओढून घ्यायची. "तुझा टाका तिरका जातोय," असं सासूबाई रोज एकदा तरी म्हणायच्या. मी म्हणायचे, "अहो आई, पांघरल्यावर कुणाला दिसणार आहे?" त्यावर त्यांचं उत्तर, "मला दिसंल की."

या कामात शांत वाटतं ते नेमकं कशामुळे, याचा मी माझ्यापुरता विचार केला. एक म्हणजे, बाकी घरात काहीच माझ्या हाती नव्हतं. नव्या जागेचे मालक रोज नवी अट घालत होते, टेम्पोवाला दिवस बदलत होता. गोधडीत मात्र मी घातलेला टाका सकाळी जिथल्या तिथं असायचा. स्वयंपाक खाऊन संपतो, भांडी पुन्हा खरकटी होतात, झाडलेल्या घरात संध्याकाळपर्यंत धूळ येते. बाईचं बहुतेक काम रोज पुसलं जातं. इथं काम साठत होतं. दुसरं म्हणजे, टाका चुकला तर उसवता येत होता, आणि त्यासाठी कुणाची बोलणी खावी लागत नव्हती. तिसरी गोष्ट हाताच्या लयीची. सुई खाली, वर, पुन्हा खाली. दहा-पंधरा मिनिटांत खांदे सैल व्हायचे. डोक्यातली यादी नाहीशी व्हायची नाही, पण एकदम अंगावर यायची तीही बंद व्हायची. एकेक गोष्ट क्रमानं आठवायची, आणि त्यातल्या अर्ध्या आज केल्या नाहीत तरी चालेल हे उमजायचं.

चौथी गोष्ट मला समुपदेशक म्हणून महत्त्वाची वाटते. दोघी एकाच कापडाच्या दोन टोकांना बसलो की सासूबाई बोलू लागायच्या. लग्न होऊन त्या सोळाव्या वर्षी सासरी आल्या. मग नवऱ्याच्या नोकरीपायी तीन गावं झाली, मग मुलाचं घर. आताचं हे भाड्याचं घर धरून सहा बिऱ्हाडं. प्रत्येक वेळी 'निघायचंय' हे त्यांना सांगण्यात आलं, विचारण्यात कधीच आलं नाही. बारा वर्षांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. समोरासमोर बसवून 'आई, तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलं असतं तर त्या "मला काय वाटायचंय" म्हणून उठून गेल्या असत्या. हात कामात आणि नजर कापडावर असली की बाई मोकळी होते. केंद्रातही हा अनुभव आहे. टेबलाच्या पलीकडे बसून न बोलणारी बाई शेंगा सोलता सोलता सगळं सांगते.

आता जरा अवघड भागाकडे येते. गोधडी शिवताना मला घरातल्या कुणीही हटकलं नाही. उलट नवऱ्यानं चहा करून आणून दिला. एका नातेवाईक बाईंनी फोनवर "एवढ्या पळापळीत तुला हे कसं सुचतं?" असं विचारलं, पण त्यातही कौतुकच जास्त होतं. त्याच दिवसांत एका दुपारी मी खोक्यावर टेकून नुसती बसले होते. झोपले नव्हते, वाचत नव्हते, काहीच करत नव्हते. दहा मिनिटांत घरातल्या तिघांनी तीन वेळा विचारलं, "बरं नाही का?" माझ्या घरची माणसं वाईट नाहीत. पण बाई रिकामी बसलेली दिसली की घराला दोनच शक्यता सुचतात. एक तर ती आजारी आहे, नाहीतर आळशी. ती दमली आहे आणि तिला बसायचं आहे, ही साधी गोष्ट तिसऱ्या क्रमांकावरही येत नाही.

गोधडीचा विसावा मला मिळाला तो ती कामासारखी दिसते म्हणून. घरासाठी पांघरूण तयार होत होतं, जुन्याचा उपयोग होत होता, काटकसर होत होती. मिळणाऱ्या शांततेवर उपयुक्ततेचं झाकण होतं. आपल्या आया-आज्या दुपारी भांडी आवरून झाल्यावर ओट्यावर गोधडी घेऊन बसायच्या, तेव्हा त्याही हेच करत असतील का? चार जणी जमायच्या, हसायच्या, रडायच्या, घरातलं बोलायच्या, आणि कुणी विचारलंच तर हातात काम होतंच. पुरुषांच्या पारावरच्या गप्पांना असं निमित्त कधी लागलं नाही. पत्त्यांच्या डावातून पांघरूण तयार होत नाही, तरी तो डाव कुणी उठवत नाही.

म्हणून 'गोधडी शिवा, मन शांत ठेवा' असा उपदेश मला करायचा नाही. असा उपदेश करणारे आजकाल पुष्कळ आहेत. बाईवरचा भार कमी करण्याऐवजी भार सोसायची युक्ती तिला शिकवायची, हा जुनाच खाक्या आहे. पूर्वी व्रतवैकल्यं सांगत, आता ध्यान आणि छंद सांगतात. मनःशांती ही बाईनं स्वतःच्या फावल्या वेळात, स्वतःच्या खर्चानं मिळवायची वस्तू झाली की घरातल्या कुणालाच बदलावं लागत नाही.

शिवाय टाका सगळ्यांनाच शांत करत नाही. पोटासाठी गोधड्या शिवणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. घरोघर जाऊन जुनी लुगडी गोळा करतात, ओसरीत बसून शिवून देतात. शहरातल्या प्रदर्शनांत 'पारंपरिक हस्तकला' म्हणून ज्या गोधड्या महाग विकल्या जातात, त्यांच्या शिवणाऱ्या बाईला नगावर मजुरी मिळते. पाठ धरते, डोळ्यांना पाणी येतं, पण ठरलेल्या दिवशी नग द्यायचा असतो. सुई तीच, धावदोराही तोच. मी दमले की सुई टोचून ठेवून देऊ शकत होते, तिला ते करता येत नाही. मला जी शांतता मिळाली ती टाक्यात असेल तेवढीच त्या मोकळीकीतही होती.

अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेच्या कामाची इथं आठवण होते. इला भट्ट यांनी १९७२ साली ही संघटना सुरू केली. गिरण्यांतून निघालेल्या चिंध्या घरी आणून त्यांच्या गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका तिथं होत्या. व्यापारी चिंध्या देणार, तयार खोळी नेणार आणि मजुरी तोच ठरवणार, असा मामला होता. 'सेवा'नं या बायकांना एकत्र केलं, मजुरीच्या दरासाठी व्यापाऱ्यांशी झगडा केला, आणि पुढे त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. त्यांना 'घरबसल्या फावल्या वेळात शिवणाऱ्या गृहिणी' न म्हणता 'कामगार' म्हणणं, ही त्यातली मोठी गोष्ट होती. गोधडीचं कौतुक करताना हा शब्द आपण विसरता कामा नये.

आता छपराचा प्रश्न. आपल्याकडे घर बदलणं हा बाईच्या आयुष्याचा भागच धरला आहे. २०११ च्या जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच होतं. माहेराहून सासरी, सासरहून नवऱ्याच्या नोकरीच्या गावी, भांडण झालं तर पुन्हा माहेरी, भावजयीला जड झालं की कुठल्याशा खोलीत. या प्रत्येक फेऱ्यात घर दुसऱ्याचं असतं. आधी बापाचं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं. ते आवरायचं, सजवायचं, खोक्यांत भरायचं आणि पुन्हा मांडायचं काम तेवढं तिचं.

केंद्रात नवऱ्यानं बाहेर काढलेल्या बाया येतात. त्यांचं सामान परत मिळवण्यासाठी आम्ही यादी करतो. कपाट, भांडी, दागिने, मुलांची पुस्तकं. पावती असेल ते लवकर मिळतं. एकदा एका बाईंनी यादी संपल्यावर अडखळत विचारलं की, त्यात एक गोधडी लिहिता येईल का? मेलेल्या आईच्या लुगड्यांची होती. सासरच्या माणसांनी ती चिंध्या म्हणून टाकूनही दिली असेल, याची त्यांना भीती होती. तिची किंमत काय लिहायची, हे आम्हाला कुणालाच कळेना. आम्ही किंमतीची जागा रिकामी ठेवून गोधडी यादीत लिहिली. ती मिळाली. त्या बाईंनी ती घरी जाईपर्यंत खांद्यावरून खाली ठेवली नाही. पण राहत्या खोलीवरचा त्यांचा हक्क सिद्ध करायला मात्र पुढे दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. गोधडी मिळाल्यानं त्यांना धीर आला हे खरं, आणि त्या धिराच्या जोरावरच त्या तारखांना येत राहिल्या हेही खरं. तरी ऊब देणारी गोधडी छपराची जागा घेऊ शकत नाही.

या दोन गोष्टी एकत्र आणणारं एक उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं आहे. तिथं १९६६ साली गरीब काळ्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था सुरू केली. तो नागरी हक्कांच्या लढ्याचा काळ होता. मतदारयादीत नाव नोंदवलं म्हणून, चळवळीत भाग घेतला म्हणून, गोरे जमीनमालक काळ्या कुळांना राहत्या घरांतून हुसकावून लावत होते. या बायका पिढ्यान् पिढ्या जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून गोधड्या शिवत आल्या होत्या, गरज होती म्हणून. त्यांनी त्या एकत्र येऊन विकायला सुरुवात केली. पुढे संस्थेनं जमीन विकत घेतली, तिथं शिवणकेंद्र उभारलं, आणि त्या जमिनीतले काही तुकडे घर गमावलेल्या कुटुंबांना दिले. ज्या हातांनी मन शांत ठेवण्याचं काम केलं, त्याच हातांनी पायाखाली जमीनही आणली. मला गोधडीकडे या नजरेनं पाहायला आवडेल.

आपल्याकडे कायद्यानं काही दारं किलकिली केली आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्यातल्या कलम १७ नं, घर कुणाच्याही नावावर असलं तरी सामायिक घरात राहण्याचा हक्क बाईला दिला. सासूसासऱ्यांच्या मालकीचं घरही 'सामायिक घर' ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात स्पष्ट केलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली दिला. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली आणली. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नाही. आणि वाट्याचं म्हणाल तर 'भाऊ तुटायला नको' म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून आलेल्या मैत्रिणी आपल्यातही आहेत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. माहेरचा उंबरा हीच ज्यांची एकमेव परतीची वाट आहे, त्या ती कशाच्या बळावर बंद करतील?

मालकी दूरची असली तरी भाड्याच्या घरातही करण्यासारखं काही असतं. नव्या घराचा करार नोंदवायला आलेल्या एजंटनं नवऱ्याचं एकट्याचं नाव घातलं होतं. मी दोघांची नावं घालायला सांगितली. "मॅडम, तुमचं नाव कशाला? साहेबांचं आहे की," असं तो म्हणाला. त्याला वाटलं अंगठ्याचा ठसा द्यायला मला वेळ नसेल. मी ठसा दिला. त्या कागदामुळे घर माझं झालं नाही. पण राहत्या पत्त्याचा पुरावा माझ्या नावानं तयार झाला. बँकेत, शाळेत, रेशनच्या कचेरीत आणि वेळ आलीच तर कोर्टात तो किती उपयोगी पडतो, हे केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, माझ्या काही सूचना आहेत. त्यांवर आपापल्या गटात चर्चा व्हावी.

पहिली सूचना, शिबिरांच्या आणि बैठकांच्या कार्यक्रमपत्रिकेत विसाव्याची वेळ लेखी घालावी. दिवसभर मारहाणीच्या, जळिताच्या, सोडून दिल्याच्या कहाण्या ऐकणाऱ्या कार्यकर्त्यांना तर ती हवीच. त्या वेळात ज्या बाईला गोधडी शिवायची असेल तिनं शिवावी, जिला झोपायचं असेल तिनं झोपावं, जिला नुसतं बसायचं असेल तिला कुणी 'बरं नाही का' असं विचारू नये. घरात हे मागायची सवय आधी आपल्या सतरंजीवर लागायला हवी.

दुसरी, वस्तीतल्या गटांत महिन्यातून एकदा गोधडी अंथरून बसावं. व्याख्यानाला जी बाई बोलत नाही ती तिथं बोलेल. मात्र ती गोधडी विकायची ठरली तर मजुरीचा हिशेब तासांवर करावा, आणि तो गटातल्या प्रत्येकीला वाचता यावा.

तिसरी, त्याच बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घराचा कागद घेऊन यावा. करारनामा, घरपट्टीची पावती, फोटोपास, जे असेल ते. त्यावर कुणाचं नाव आहे ते मोठ्यानं वाचावं. ज्या कागदावर बाईचं नाव नाही, त्यावर ते कसं घालता येईल याचा पाठपुरावा गटानं करावा. प्रधानमंत्री आवास योजनेसारख्या योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर देण्याची तरतूद २०१५ पासून आली. ती कागदावर राहिली आहे की प्रत्यक्षात उतरली आहे, हे पाहणं आपलं काम आहे.

चौथी सूचना घरातल्या पुरुषांसाठी. पुढच्या वेळी बिऱ्हाड हलवाल तेव्हा तिची यादी कागदावर उतरवून घ्या आणि तिचे दोन सारखे भाग करा. टेम्पो ठरवणं आणि विरजण वाचवणं ही दोन्ही घरचीच कामं आहेत.

गोधडी शिवताना मिळणारी शांतता खोटी नाही, आणि ती घेताना आपण चळवळीशी बेइमानी करतो असंही कुणी समजू नये. फक्त ती कामाच्या आडून, कुणाच्या नजरेला खुपणार नाही अशा बेतानं घ्यावी लागू नये. दिवसातला थोडा वेळ बाईच्या मालकीचा असणं आणि घराच्या कागदावर बाईचं नाव असणं, या दोन्ही मागण्या आपण एकाच दमात करायला हव्यात. आपल्या गटात याबद्दल काय बोलणं झालं ते जरूर कळवा. कुणाच्या घराच्या कागदावर नाव चढलं, तर ते तर आधी कळवा.